पर्यायाचा शोध : राजव्यवहारकोशापासून शोधयंत्रापर्यंत

कोशरचनेच्या दोन परंपरा आपल्याला परिचित आहेत. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) शब्द वर्णानुक्रमाने येतात. शब्द ठाऊक असेल, तरच अर्थ सापडतो. अमरकोशाची बांधणी मात्र अर्थवर्गांची आहे. तेथे एका अर्थापाशी त्याचे पर्याय एकत्र येतात. शिवकाळातील रघुनाथपंडितांचा ‘राजव्यवहारकोश’ याच दुसऱ्या परंपरेतला. राज्यकारभारात रुळलेल्या फारसी-दखनी शब्दांना त्यात १० वर्गांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. हेतू परकी शब्द दूर सारण्याचा होता. पण त्या निमित्ताने जुना आणि नवा, दोन्ही शब्द शेजारी शेजारी जतन झाले.

शोधयंत्रांचा प्रवासही पहिल्या परंपरेकडून दुसरीकडे झालेला दिसतो. आरंभीची यंत्रे प्रामुख्याने अक्षरे जुळवीत. सामान्यरूपाचे ज्ञान नसलेल्या यंत्राला ‘पाणी’ आणि ‘पाण्यात’ हे दोन निराळे शब्द वाटणार, हे उघड आहे. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातील ‘वर्डनेट’ने पर्यायांचे संच अर्थसंबंधांनी जोडले, त्याच धर्तीवर मुंबईच्या आयआयटीत मराठी वर्डनेट आकारास आले. त्यानंतरची यंत्रे शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतच्या शब्दांवरून अनुमानू लागली. गूगलने २०१९ साली ‘बर्ट’ ही प्रणाली आधी इंग्रजी शोधासाठी आणि वर्षअखेरीस मराठीसह ७०हून अधिक भाषांसाठी वापरात आणली. अनेकार्थी शब्दाचा अर्थ संयोग, साहचर्य, प्रकरण इत्यादींनी निश्चित होतो, हे भर्तृहरीचे विवेचन येथे आठवावे.

मराठवाड्याच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. १९४८ पर्यंत नांदेड-लातूर परिसर हैदराबाद संस्थानात होता. तेथे जिल्ह्याच्या प्रमुखास ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. अवधमध्ये मात्र ‘तालुकदार’ म्हणजे मोठा जमीनदार. म्हणून ‘जिल्हाधिकारी’ हा शब्द घेऊन निजामकालीन इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तालुकदाराचा कागद सापडेलच असे नाही; आणि सापडला, तरी त्यातून सरकारी अधिकाऱ्याऐवजी जमीनदार उभा राहण्याचा संभव आहे.

साहचर्यावरून अर्थ लावणाऱ्या यंत्रापाशी शेवटी लिहून ठेवलेल्या मजकुराचेच भांडवल असते. आपल्या प्रदेशाचे दप्तर, आठवणी आणि बोली संपादित होऊन, अर्थटीपांसह उपलब्ध झाल्या नाहीत, तर आपल्या शब्दांचा अर्थ इतरांच्या लेखनावरून ठरेल. रघुनाथपंडितांनी शब्द बदलण्यासाठी कोश रचला. आज आपल्याला तो जुने शब्द नव्यांशी जोडण्यासाठी रचावा लागणार आहे. हे काम मराठीच्या विभागांचेच आहे.