मृगयेचा बाण : हलका कीं जड?

पंचवटींत गोदाकांठीं येणाऱ्या यात्रेकरूच्या डोळ्यांपुढें धनुर्धारी रामाची मूर्ति सहजच उभी राहते. सुवर्णमृगाच्या पाठीं गेलेला राम आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु मृगयेस निघालेला धनुर्धर भात्यांतून नेमका कोणता बाण निवडीत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वाल्मीकींनीं मात्र अरण्यकांडांत खराच्या सैन्याशीं झालेल्या युद्धाचें वर्णन करतांना नालीक, नाराच, विकर्णी अशीं बाणांचीं निरनिराळीं नांवें घेतलीं आहेत. नांवें निरनिराळीं, कारण कामें निरनिराळीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ही व्यवस्था अधिक स्पष्ट आहे. वेणु, शर, शलाका, दण्डासन व नाराच असे बाणांचे पांच प्रकार तेथें सांगितले आहेत. त्यांचीं मुखें लोखंडाचीं, हाडाचीं अथवा लांकडाचीं असावींत, आणि तीं छेदन, भेदन व ताडन यांस योग्य असावींत, असा निर्देश आहे. वेळूचा बाण हलका, लोखंडी नाराच जड. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस याच्या आधारें एरियननें लिहिलें आहे कीं, हिंदी पायदळाचा बाण जवळजवळ तीन हात लांब असे आणि त्यापुढें ढाल किंवा चिलखत टिकत नसे.

या विद्येचा मान नाशिकास फार जुना आहे. पंचवटीपासून दोनतीन कोसांवरील पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यांतील शिलालेखांत, गौतमीपुत्र सातकर्णीस त्याच्या मातेनें 'एकधनुर्धर' म्हणून गौरविलें आहे. कोल्हापुराकडे सांपडलेल्या सातवाहनकालीन नाण्यांवर तर धनुष्यबाणच कोरलेला आहे.

आतां वजनाचें मर्म पाहूं. ताणलेल्या धनुष्यांत जी शक्ति सांठते, ती सगळीच बाणास मिळत नाहीं. कांहीं भाग धनुष्याचीं टोंकें व दोरी हलविण्यांत खर्च होतो. बाण जड असेल तर तो दोरीपासून सावकाश सुटतो, पण त्या शक्तीचा अधिक वांटा घेऊन जातो. हलका बाण वेगानें व सरळ जातो, अंतराची चूक सांभाळून घेतो. परंतु हवेंत त्याचा वेग लवकर ओसरतो, आणि उरलेली शक्ति धनुष्यासच हादरा देते. बाण अतिशय हलका असल्यास धनुष्य मोडण्याचाही संभव असतो. साध्या लांकडी धनुष्यास दर पौंड ताणामागें ८ ते १० ग्रेन वजनाचा बाण योग्य मानतात. म्हणजे ४० पौंड ताणाच्या धनुष्यास ४०० ग्रेनचा, सुमारें सव्वादोन तोळ्यांचा बाण शोभतो. केवळ वजनही पुरेसें नाहीं. फळ जड केलें कीं सुटतांना दांडी अधिक वांकते. तेव्हां दांडीचा ताठरपणाही त्यास जुळता हवा, नाहींतर बाण वाट सोडतो.

हें गणित कागदावर न मांडतां खानदेश-नाशिकच्या भिल्लांनीं हातानें साधलें. बांबूचा कमठा, त्यास बांबूच्याच कांबीची दोरी, बोरूची दांडी, आणि सावजाप्रमाणें वेगळें मुख. पांखरासाठीं बोथट बाण, म्हणजे आघात होतो पण पिसें फाटत नाहींत. मोठ्या जनावरासाठीं रुंद लोखंडी पातें. माशासाठीं लांब बाण. त्याचें कांटेरी टोंक माशाबरोबर सुटून बुडतें आणि दोरीनें बांधलेली दांडी वर तरंगत माशाचा ठाव सांगते. अशा लोकांस अडाणी म्हणणारांनीं ही योजना एकवार पाहावी.

या निवडींत केवळ शिकार मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न नव्हता. हलका बाण हाडावर अडकला तर जखमी जनावर रानांत दूर पळून जाई आणि तडफडत मरे. पारध्याचे श्रमही वायां जात. म्हणून जाणता पारधी जड बाण घेई आणि अंतर कमी करी. दूरचा नेम सोडून देणें हाही त्याच्या कौशल्याचाच भाग होता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी घातली, आणि ती योग्यच झाली. रानें उजाड होत असतां दुसरा उपाय नव्हता. त्याच वर्षीं, १९२० नंतर प्रथमच, म्यूनिकच्या ऑलिंपिक सामन्यांत धनुर्विद्येचा पुन्हा प्रवेश झाला. आतां नेम कागदाच्या वर्तुळावर आहे. त्यास वेदना होत नाहींत. म्हणून स्पर्धेंतील धनुर्धर हलका, वेगवान बाण निवडूं शकतो. जड बाणाचें शास्त्र यापुढें पारधीच्या उपयोगाचें नाहीं. परंतु ज्याच्यावर बाण सोडावयाचा त्याच्या यातनांचा विचार भात्यांत हात घालण्यापूर्वींच करावा, हा त्यांतील बोध जपण्याजोगा आहे, आणि तो ज्यांच्याकडून मिळाला त्या डोंगरकपारींतील माणसांची आठवणही तितकीच जपावयास हवी.