तारजोडणीवरील मंद इंटरनेट

तारजोडणीवरील मंद इंटरनेट म्हणजे वायफायऐवजी इथरनेट केबलने राउटरला जोडलेल्या संगणकावर योजनेत ठरलेल्यापेक्षा सातत्याने कमी वेग मिळणे. दोष सेवा पुरवठादाराकडे, घरातील केबलमध्ये किंवा खुद्द संगणकात असू शकतो. तो कोठे आहे हे न तपासता राउटर बदलल्यास पुष्कळदा खर्च होतो आणि वेग मात्र तोच राहतो.

एककांमधील फरक

योजनेचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइल उतरवताना ब्राउझर तो बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रतिसेकंद १२ मेगाबाइटच्या आसपास वेग दिसणे हा दोष नव्हे.

९४ मेगाबिटची मर्यादा

योजना २०० किंवा ३०० मेगाबिटची असूनही वेगचाचणीत दर वेळी ९४-९५ हाच आकडा येत असेल, तर मार्गातील एखादी जोडणी १०० मेगाबिटवर चालत असण्याची शक्यता फार मोठी असते. उरलेले काही मेगाबिट माहितीच्या पाकिटांवरील शीर्षकांत खर्च होतात.

१९९५ साली प्रमाणित झालेल्या १००बेस-टीएक्स या प्रकाराला केबलमधील चारपैकी दोनच जोड्या (पिन १, २, ३ व ६) लागतात. १९९९ च्या गिगाबिट प्रकाराला, म्हणजे १०००बेस-टीला, चारही लागतात. मात्र कोणत्या वेगाने चालायचे हे दोन्ही उपकरणे आपसांत ठरवतात ते पहिल्या प्रकारच्या दोन जोड्यांवरूनच. निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटलेली असल्यास गिगाबिटचे ठरते, पण जोडणी उभी राहत नाही. अनेक नेटवर्क कार्डे मग निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरतात. इंटरनेट चालू असल्यामुळे वापरकर्त्याला काहीच जाणवत नाही. एकाच केबलमधून दोन जोडण्या काढण्याच्या जुन्या काटकसरीचा परिणामही हाच होतो.

तपासणी

विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंग्जमधील ‘लिंक स्पीड’ आणि लिनक्सवर ‘इथटूल’ ही आज्ञा ठरलेला वेग दाखवते. तो १०० असल्यास आधी केबल बदलून पाहावी (कॅट ५ई पुरेशी असते), नंतर राउटरचा दुसरा पोर्ट वापरावा. काही स्वस्त राउटरचे सर्वच पोर्ट १०० मेगाबिटचे असतात; तेथे केबल बदलून उपयोग नाही. भिंतीतून गेलेल्या केबलची टोके नव्याने क्रिंप करताना दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच ठेवावा व तारांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये.

एका टोकाला वेग व डुप्लेक्स हाताने ठरवून दुसरे टोक स्वयंचलित ठेवल्यास दुसरे टोक अर्ध-डुप्लेक्सवर जाते. अशा जोडणीवर साधी पाने उघडतात, मोठी फाइल मात्र रखडते.

सेवा पुरवठादाराकडील दोष

जोडणी गिगाबिटची असूनही वेग केवळ संध्याकाळी घटत असल्यास पुरवठादाराकडील गर्दीचा संशय घ्यावा. इतर उपकरणे बंद ठेवून, केबलवरूनच, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या चाचण्यांची नोंद तक्रारीसोबत द्यावी. भारतात २०१२ च्या नियमांनुसार तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे व समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे करता येते. त्यासाठी पहिल्या तक्रारीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवावा लागतो.