वृद्धी घटक : ऊतींची दुरुस्ती व पुनर्जनन

पेशींना विभाजनाचा, स्थलांतराचा, विभेदनाचा किंवा तग धरून राहण्याचा संदेश देणाऱ्या प्रथिनांना वृद्धी घटक म्हणतात. संप्रेरके रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचतात. वृद्धी घटक मात्र बहुधा स्रवणाऱ्या पेशीच्या आसपासच काम करतात आणि अत्यल्प प्रमाणातही प्रभावी ठरतात. जखम भरणे, मोडलेले हाड सांधणे आणि यकृताची पुन्हा वाढ होणे या क्रियांचे नियंत्रण मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे असते.

शोध : उंदराच्या एका अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसविला असता त्याच्या दिशेने चेतातंतू जोमाने वाढतात, याचा अभ्यास रीटा लेव्ही-माँटाल्चिनी यांनी १९५०च्या सुमारास अमेरिकेतील सेंट लुइस येथे केला. त्यामागील चेता वृद्धी घटक स्टॅन्ली कोहेन यांच्या सहकार्याने वेगळा करण्यात आला. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क टोचल्यास नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडतात, या निरीक्षणावरून कोहेन यांना ५३ ॲमिनो आम्लांचा अधिचर्म वृद्धी घटक (ईजीएफ) सापडला. दोघांना १९८६चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्यपद्धती : वृद्धी घटक पेशीपटलावरील विशिष्ट ग्राहीला जोडला जातो. पुष्कळ ग्राही टायरोसीन कायनेज प्रकारचे असतात. दोन ग्राही जोडीने एकत्र येऊन एकमेकांवर फॉस्फेट गट बसवितात आणि संदेश टप्प्याटप्प्याने केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचतो. ज्या पेशीवर ग्राही नाही, तिच्यावर घटकाचा थेट परिणाम होत नाही. ग्राही असलेल्या पेशींचा प्रतिसादही पेशीच्या प्रकारानुसार बदलतो. त्यामुळे एकच घटक एका पेशीला विभाजनास प्रवृत्त करू शकतो, तर दुसरीचे विभाजन रोखू शकतो.

जखम भरण्यातील भूमिका : रक्त गोठताना रक्तपट्टिकांमधील कणिकांतून रक्तपट्टिकाजन्य वृद्धी घटक (पीडीजीएफ) आणि रूपांतरक वृद्धी घटक-बीटा (टीजीएफ-बीटा) बाहेर पडतात. त्यांच्या ओढीने पांढऱ्या पेशी व तंतुजनक पेशी जखमेत येतात. पुढे महाभक्षी पेशी मृत अवशेष साफ करतात आणि स्वतःही वृद्धी घटक स्रवतात. ऑक्सिजनची कमतरता असलेल्या ऊतीत वाहिनी अंतःस्तर वृद्धी घटक (व्हीईजीएफ) वाढून नव्या केशवाहिन्या फुटतात. ईजीएफ आणि तंतुजनक पेशी वृद्धी घटक-७ (एफजीएफ-७) यांमुळे कडेच्या त्वचापेशी सरकत जखम झाकतात. टीजीएफ-बीटा कोलॅजेनची निर्मिती वाढवितो व जखम आकसण्यास मदत करतो. मात्र भरलेल्या जागी व्रण राहतो आणि त्याला मूळ त्वचेइतकी बळकटी परत येत नाही.

पुनर्जनन : यकृतात वेगळे चित्र दिसते. उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला, तरी साधारण ७ ते १० दिवसांत त्याचे वस्तुमान जवळजवळ पूर्ववत होते. कापलेले खंड पुन्हा उगवत नाहीत. उरलेले खंडच मोठे होतात. या वाढीत यकृतपेशी वृद्धी घटक (एचजीएफ) आणि ईजीएफ यांचा मोठा वाटा असतो. हाडांबाबत मार्शल युरिस्ट यांनी १९६५मध्ये दाखविले की, खनिजे काढलेले हाड स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते. त्यातूनच पुढे अस्थिरूपजनक प्रथिनांचा (बीएमपी) शोध लागला.

उपचार : मधुमेहींच्या पायावरील चिवट जखमांसाठी पीडीजीएफयुक्त बेकॅप्लर्मिन जेलला अमेरिकेत १९९७मध्ये मान्यता मिळाली. मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत बीएमपी-२चा वापर तेथे २००२पासून मान्य आहे. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने ईजीएफचे जेल तयार केले आहे. रुग्णाच्याच रक्तातून मिळविलेल्या, रक्तपट्टिकांनी समृद्ध अशा रक्तद्रवाचाही (पीआरपी) वापर होतो. परंतु तो तयार करण्याच्या पद्धती एकसारख्या नसल्याने निष्कर्षांची तुलना अवघड जाते.

मर्यादा : दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेत प्रथिने तोडणारी विकरे बाहेरून लावलेल्या घटकाचा नाश करतात. त्यामुळे रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग व मृत ऊती यांकडे दुर्लक्ष करून केवळ जेल लावल्याने फारसा उपयोग होत नाही. टीजीएफ-बीटाची क्रिया लांबल्यास यकृत, फुप्फुस व मूत्रपिंड यांत तंतुमयता वाढते. विभाजनाचा संदेश कर्करोगालाही पोषक ठरू शकतो : माकडाच्या एका विषाणूतील कर्कजनुक पीडीजीएफच्या जनुकाशी मिळतेजुळते असल्याचे १९८३मध्ये आढळले. व्रण कमी करण्यासाठी तयार केलेले, टीजीएफ-बीटाच्याच टीजीएफ-बीटा३ या उपप्रकाराचे औषध २०११मध्ये अंतिम चाचणीत अयशस्वी ठरले. म्हणून आता नवा घटक शोधण्याइतकाच भर ज्ञात घटक योग्य जागी, योग्य टप्प्यावर आणि मोजक्या मात्रेत सोडणाऱ्या जैवद्रव्यांवर दिला जात आहे.