मुळं नसलेल्या झाडाची तहान

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या मित्रमंडळींच्या मेलमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ख्रिसमसचं खरंखुरं झाड आणलं, पण आठवड्यात निम्म्या सुया कार्पेटवर. काय करावं?" उत्तरंही ठरलेली असतात. कोणी म्हणतं पाण्यात साखर घाल, कोणी ॲस्पिरिन, कोणी चक्क सोडा. म्हटलं, या वीकांताला जरा या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ या. झाडाला मूळच नाही, हा भाग वेगळा :-)

आधी हे झाड घरात आलं कसं ते पाहू. स्ट्रासबर्ग शहरात लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभी करून त्यांना कागदी गुलाब आणि सफरचंदं टांगतात, अशी एका प्रवाशाची १६०५ सालची नोंद आहे. पुढे जर्मन घरांत या झाडांवर मेणबत्त्या आल्या. १८४८ च्या डिसेंबरात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं अशा झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं आणि मग काय, राणीने केलं ते सगळ्यांना हवंच!

त्या काळी झाड बहुधा नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात यायचं. मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवायच्या, आणि शेजारी पाण्याची बादली तयार. म्हणजे झाड हा दोन-चार दिवसांचा पाहुणा. मग १८८२ मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. मेणबत्तीची भीती हळूहळू गेली. आज अमेरिकेत थँक्सगिव्हिंग संपलं की झाड आणतात आणि ते महिनाभर तरी दिवाणखान्यात राहतं. पाहुण्याचा भाडेकरू झाला! आता त्याच्या पाण्याची सोय बघणं आलं.

पण मुळं तोडलेलं झाड पाणी पितं तरी कसं?

हा प्रश्न लोकांना फार जुन्या काळापासून छळतोय. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश पाद्रीबुवांनी १७२७ साली एक पुस्तक छापलं. त्यात त्यांनी तोडलेल्या फांद्या पाण्याच्या नळ्यांमध्ये बसवून त्या किती पाणी ओढतात हे चक्क मोजून ठेवलंय. पानं असली की फांदी भरपूर पाणी ओढते आणि पानं काढली की तिची तहान एकदम कमी होते. म्हणजे ओढणारं जे काही आहे ते वर, पानांपाशी आहे.

खरा धक्का दिला तो बॉन विद्यापीठातल्या एडुआर्ड स्ट्रासबर्गरने, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याने वीस मीटरहून उंच असा ओकवृक्ष बुंध्यापाशी कापला आणि त्याचं टोक पिक्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे सरळ विषात, उभं केलं. खोडातल्या पेशी मेल्या, तरी द्रव वर चढतच राहिला! तो थांबला तेव्हा विष पार पानांपर्यंत पोचून पानंही मेली होती. खोडात जिवंत पंप नाही, हे त्यातून दिसलं. दिवाणखान्यातलं झाड म्हणजे स्ट्रासबर्गरचाच प्रयोग, फक्त विषाऐवजी पाणी.

हा प्रयोग डब्लिनच्या दोघा मित्रांनी पाहिला होता. हेन्री डिक्सन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि जॉन जॉली भौतिकीवाला. १८९४ मध्ये त्यांनी मांडलं की पानांतून पाणी उडून जातं तेव्हा खालच्या पाण्यावर ताण येतो. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की अख्खा स्तंभ दोरीसारखा वर ओढला जातो. बऱ्याच जणांना हे पटेना. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १९२३ च्या पुस्तकात वेगळंच मांडलं, की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या आकुंचन-प्रसरण पावून रस वर ढकलतात. कल्पना मोठी सुंदर, पण टिकली नाही. १९६५ मध्ये शोलँडर आणि मंडळींनी उंच झाडांच्या शेंड्याकडच्या डहाळ्या रायफलने पाडून त्यांतला ताण दाबयंत्राने मोजला. ताण खरंच होता, आणि उंचीबरोबर वाढत होता.

आता गंमत बघा. ताणलेली दोरी कापली की काय होतं? ती मागे झटकन आखडते. झाड कापलं की नेमकं हेच होतं. पाणी आत खेचलं जातं आणि त्याच्या जागी हवा शिरते. वर राळही पाझरून तोंडं बुजवते. सुदैवाने सूचिपर्णी झाडांच्या खोडात सलग लांब नळ्या नसतात, काही मिलिमीटर लांबीच्या बंद पेशी असतात. त्यांना जोडणाऱ्या छिद्रांत एक लवचीक पडदा असतो, मधोमध जाड चकती असलेला. एका बाजूला हवा आली की चकती छिद्रावर बसून दार बंद. आमच्या भाषेत सांगायचं तर एक मोड्यूल कोसळलं म्हणून अख्खी सिस्टिम झोपत नाही.

म्हणूनच घरी आणल्यावर बुंध्याची दोनेक सेंटिमीटरची चकती कापून टाका असं सांगतात. हवा आणि राळेने बुजलेला भाग तेवढाच असतो. चकती काढली की झाड काही तासांत पाण्यात गेलं पाहिजे. स्टँडमध्ये बसावं म्हणून बुंधा बाजूने तासायचा मात्र नाही, कारण पाणी वाहणारं लाकूड सालीलगतच असतं. मधोमध भोक पाडणंही त्याच कारणाने व्यर्थ. बुंध्याच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरमागे दिवसाला साधारण लिटरभर पाणी धरून चाला. रोज दोनदा तरी बघा, पातळी कापाच्या खाली गेली की हवा आणि राळ पुन्हा आपलं काम सुरू करतात.

साखर, ॲस्पिरिन वगैरेचं काय? वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या गॅरी चॅस्टॅग्नर यांनी तोडलेल्या झाडांवर कित्येक दशकं काम केलं. त्यांचाही सल्ला साध्या नळाच्या पाण्याचाच. पाण्यापेक्षा फरक पडतो तो झाडाच्या जातीने. नोबल आणि नॉर्डमन फर सुया धरून ठेवतात, नॉर्वे स्प्रूस चटकन सोडतो. २०१० च्या सुमारास कॅनडातल्या संशोधकांना बाल्सम फरची सुईगळ एथिलीनमुळे सुरू होते असं दिसलं. हो, आढीतला आंबा पिकवणारा तोच वायू!

हे सगळं कार्पेट स्वच्छ राहावं म्हणून नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने झाडं जाळून पाहिली आहेत. वाळक्या झाडाने मिनिटभराच्या आत खोली पेटते, पाणी प्यायलेलं झाड सहजी पेट घेत नाही. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बादली झाडाशेजारी असायची, आता ती झाडाखाली स्टँडमध्ये गेली आहे. काम तेच.

तेव्हा परदेशातल्या मंडळींनो, रेडिएटरपासून झाड लांब ठेवा आणि पाणी बघत जा. तोडलेल्या झाडाच्या सुया अजून वरून दोरी ओढतायत. खालचं टोक तेवढं आपल्या हातात आहे. आणि पुण्या-मुंबईत बसून 'आपल्याला काय त्याचं' म्हणणाऱ्यांनी मार्गशीर्षातल्या गुरुवारी निशिगंधाचे दांडे फुलदाणीत ठेवण्याआधी खालून थोडे कापावेत. तिथेही हवाच आडवी आलेली असते.