माशांचं विरजण

कोल्हापूरला घरी गेलो की रात्री आई कोमट दुधात चमचाभर जुनं दही घालते. मागच्या शनिवारी ते बघताना मला एकदम माशांच्या पेशी आठवल्या. हसू नका, सांगतो!

विषाणू फक्त जिवंत पेशीतच वाढतो. मग माशांच्या रोगांचा अभ्यास करायला दर वेळी मासेच मारायचे का? १९६२ साली अमेरिकेत केन वुल्फ आणि क्विम्बी यांनी त्यावर वाट काढली. रेनबो ट्राउटच्या जननग्रंथीतल्या पेशी त्यांनी बाटलीत वाढवल्या आणि त्या वाढतच राहिल्या. माशाची ही पहिली कायमची पेशीमालिका, नाव आरटीजी-२. पद्धत विरजणाचीच. बाटली भरली की थोड्या पेशी सोडवून घ्यायच्या आणि नव्या बाटलीत, ताज्या पोषक द्रवात टाकायच्या.

आपल्याकडे १९९६ साली लाकरा आणि पुण्याच्या एनसीसीएसचे भोंडे यांनी रोहूच्या शेपटीच्या पराच्या पेशी वाढवल्या. हो, आपल्या बाजारात मिळतो तोच रोहू. २००६ साली सोनेरी महासीरच्या पिलांपासून केलेल्या पेशीमालिकेच्या शोधनिबंधावरही या दोघांची नावं आहेत. हा मासा आज धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

आता खरी मेख. विरजणात शेजारच्या घरचं दही मिसळलं तर कळेल का? दिसायला दही ते दहीच! ईपीसी नावाची पेशीमालिका १९८३ पासून कार्प माशाची म्हणून जगभर वापरात होती. २०१० साली डीएनए तपासणीतून प्रसिद्ध झालं की त्या पेशी भलत्याच माशाच्या, फॅटहेड मिनोच्या आहेत. मीही एकदा मोठ्या विश्वासाने बॅकअप रिस्टोअर केला होता, तो निघाला दुसऱ्याच प्रोजेक्टचा. म्हणून आता गुणसूत्रं मोजतात (महासीरची १००), डीएनए जुळवून बघतात आणि थोड्या पेशी उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवतात.

एवढं करूनही बाटलीतल्या पेशींपासून आख्खा मासा काही सहजासहजी परत मिळत नाही. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचतो, तेव्हा हेच डोक्यात येतं. बॅकअप आहे म्हणून चालू सर्व्हरवर कोणी सांडपाणी ओतत नाही. नदीवर मात्र ओततो.

असो. दही मात्र झकास लागलं होतं.