हातोडा थांबला, ऊन थांबेना

साल १९५७. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की लार्गो बेटावर, ओव्हरसीज हायवेच्या कडेला तुम्ही उभे आहात. समोरच्या दुकानात पांढरेफटक वाळवलेले प्रवाळ, समुद्रपंखे आणि मोठाले शंख विकायला रचलेत. एक फांदी हातात घ्या. दगडासारखी जड, अंगावर बारीक खळग्यांची नक्षी. त्या प्रत्येक खळग्यात एक जीव राहत होता. हातोडा, छिन्नी, पहार आणि काही ठिकाणी चक्क सुरुंग लावून हा माल वर काढला आहे.

त्याच वर्षी एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात शास्त्रज्ञांची परिषद भरली आहे. तिथे जाऊन बसा. मायामी विद्यापीठाचे गिल्बर्ट व्हॉस या लुटीविषयी कळकळीने बोलताहेत. त्यांचे म्हणणे ‘मायामी हेराल्ड’चे सहसंपादक जॉन पेनेकॅम्प उचलून धरतात. पुढच्या तीन वर्षांत चक्रे फिरतात. १५ मार्च १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर संरक्षणाच्या घोषणेवर सही करतात आणि १० डिसेंबरला अमेरिकेतल्या पाण्याखालच्या पहिल्या उद्यानाचे लोकार्पण होते. नाव पेनेकॅम्प यांचेच.

आता १९७० मध्ये या. मास्कच्या काचेला थुंकी चोळून विसळा, म्हणजे धुके धरणार नाही. नळी दातांत धरा आणि पाण्यावर पालथे व्हा. खाली पंचवीस फूट पाण्यात ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा हात उंचावून उभा आहे; १९६५ मध्ये तो इथे बसवला. त्यापलीकडच्या उथळ रीफवर सांबरशिंगी प्रवाळाचे सोनेरी-तपकिरी रान पसरले आहे. कानाशी कटकट आवाज येतो, तो पोपटमासा चोचीने खडक कुरतडतो आहे. शेजारचा मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा गोळा नीट बघा, हात मात्र लावू नका. तो वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो. एवढा मोठा गोळा घडायला शतके लागतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, तेव्हाही तो इथे असू शकेल.

जुलै २०२३. या वेळी तुम्ही काचेच्या तळाच्या बोटीत आहात. कठड्याशी वाकून सगळे खाली बघताहेत. पिवळ्या शेपटीचे मासे झुंडीने सरकतात, आणि मग प्रवाळ दिसतात: पांढरेच पांढरे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाचा रंग आणि बहुतेक अन्न त्या शैवालाचेच. पाणी फार तापले की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. पांढरा झालेला जीव लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. यंदा ऊन उतरायचे नावच घेत नाही. २४ जुलैला इथल्या उथळ मॅनेटी खाडीत पाणी ३८ अंश सेल्सियसवर गेले. सांबरशिंगी आणि हरिणशिंगी प्रवाळ आधीच रोगाने खंगले होते. आता फ्लोरिडा कीजमध्ये पाहणीतल्या त्यांच्या ९७ टक्क्यांहून अधिक वसाहती मेल्या.

इथे कोणी पहार घेऊन आले नव्हते. उद्यान होते, कायदा होता, पहाराही होता. पण उष्णतेला हद्द नसते.

त्याच उन्हाळ्यात पाण्याखालच्या रोपवाटिकेत डोकावा. पीव्हीसी पाइपांच्या ‘झाडांना’ तंगुसाने प्रवाळाचे तुकडे टांगलेत. पाणबुडे ते एकेक करून सोडवताहेत आणि लाँग कीच्या प्रयोगशाळेतल्या टाक्यांत हलवताहेत, म्हणजे निदान बियाणे तरी वाचेल. हे काम फार मोलाचे आहे. तरीही थंड टाकीतला तुकडा शेवटी त्याच समुद्रात लावायचा असतो, आणि तो समुद्र तापतच चालला आहे.

म्हणून १९५७ मधली एक गोष्ट सोबत घ्या: घाई. एका प्राध्यापकाच्या भाषणापासून राष्ट्राध्यक्षांच्या सहीपर्यंत फक्त तीन वर्षे लागली, कारण लोकांना आपला हातोडा दिसला होता. आजचा हातोडा कोळसा आणि तेल जाळणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या हातात आहे, आणि मालवणच्या प्रवाळांवरही तो तसाच पडतो. तो खाली ठेवायला आता तीन वर्षेही जास्त आहेत.