एका डबीतले तीन सिनेमे

मागच्या शनिवारी माळा आवरत होतो. म्हणजे मला आवरायला लावला होता, हे वेगळं सांगायला नको. जुन्या केबल्स, दोन मेलेले राउटर आणि एका खोक्यात ऑनसाइटच्या दिवसांतलं सामान. त्यात एक निळी डबी निघाली. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग, 'डेथली हॅलोज पार्ट २'. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत असताना घेतली होती. एका डबीत तीन गोष्टी: ब्लू-रे, डीव्हीडी आणि अल्ट्राव्हायोलेट नावाची डिजिटल कॉपी. एका किमतीत तीन सिनेमे! मला हे डील इतकं आवडलं होतं की त्या हिवाळ्यात अशा अजून चार डब्या उचलल्या.

आता उघडली तर आत फक्त ब्लू-रे आणि कोडचा कागद. ब्लू-रे प्लेअर घरात उरलेला नाही. कोड तेव्हाच वापरला होता, पण त्यातून मिळालेला सिनेमा आज कुठेच नाही. आणि डीव्हीडी? ती भाच्यासाठी कोथरूडला ताईकडे पाठवली होती. ताईला फोन केला तर म्हणाली, "आहे की! मे महिन्यातच लावली होती. तुझं काय हरवलं?"

काय हरवलं, ते शोधता शोधता अख्खा वीकेंड गेला. त्याचीच ही गोष्ट.

आधी हे बघू, की एकच सिनेमा एकाच माणसाला तीन रूपांत का विकायचा? डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली आणि स्टुडिओंना सोन्याची अंडी देणारी कोंबडीच मिळाली. लोक सिनेमे भाड्याने आणायचे ते विकत घेऊन कपाटात लावायला लागले. पण २००० च्या दशकाच्या मध्यानंतर ही वाढ थंडावली. २००६ मध्ये पुढची पिढी आली ती भांडतच. एका बाजूला सोनी आणि मंडळींची ब्लू-रे, दुसऱ्या बाजूला तोशिबाची एचडी डीव्हीडी. कोण जिंकणार हे माहीत नसताना शहाणं गिऱ्हाईक काय करतं? थांबतं. या थांबलेल्या गिऱ्हाइकासाठी एचडी डीव्हीडीवाल्यांनी एका बाजूला एचडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी अशी दुतोंडी तबकडीही काढली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हार मानली.

भांडण मिटलं तरी अडचण होतीच. हॉलमध्ये एक ब्लू-रे प्लेअर आला, पण बेडरूममध्ये, लॅपटॉपमध्ये आणि गाडीच्या मागच्या सीटवर डीव्हीडीच होती. मग डिस्नेने ऑक्टोबर २००९ मध्ये 'स्नो व्हाइट' ब्लू-रे आणि डीव्हीडी एकत्र घालून विकला. आज जुन्या प्लेअरवर बघा, उद्या नवीन घ्याल तेव्हा तबकडी तयार आहे. हिशेब चोख होता.

तिसरी गोष्ट आली आयपॉडमुळे. डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप होतं. ते १९९९ मध्येच फुटलं होतं, पण अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने असं कुलूप तोडणं बेकायदा ठरवलं होतं. म्हणजे विकत घेतलेला सिनेमा स्वतःच्या आयपॉडवर टाकणं सरळ मार्गाने जमत नव्हतं. जानेवारी २००८ मध्ये फॉक्सने 'फॅमिली गाय'च्या 'ब्लू हार्वेस्ट' या डीव्हीडीबरोबर आयट्यून्ससाठी डिजिटल कॉपी दिली. कोड टाका, फाइल घ्या. स्वतःच लावलेल्या कुलपाची एक छोटी किल्ली सोबत, असा तो प्रकार.

मग ऑक्टोबर २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट आलं. इंजिनिअर म्हणून मला त्याची रचना तेव्हा फार सुंदर वाटली होती. बहुतेक मोठे स्टुडिओ एकत्र आले आणि त्यांनी हक्कांची एक मध्यवर्ती तिजोरी उभारली. गंमत अशी, की त्या तिजोरीत सिनेमा नव्हताच. नोंद होती. अमुक खात्याला तमुक सिनेमाचा हक्क आहे, इतकंच. डेटाबेसमधली एक रो म्हणा ना. ती बघून कुठल्याही संलग्न दुकानाने सिनेमा दाखवायचा. एका खात्यात कुटुंबातले सहा जण, बारा उपकरणं. २०१२ मध्ये तर वॉलमार्टमध्ये जुनी डीव्हीडी घेऊन जा, दोन डॉलर द्या, की तिचीही नोंद खात्यात व्हायची. एचडी हवं असेल तर पाच.

फक्त दोन पाहुणे लग्नाला आले नाहीत: ॲपल आणि डिस्ने. डिस्नेने २०१४ मध्ये स्वतःची वेगळी सेवा काढली. २०१७ मध्ये तिचंच 'मूव्हीज एनीव्हेअर' झालं आणि फॉक्स, सोनी, युनिव्हर्सल, वॉर्नर तिकडे गेले. अल्ट्राव्हायोलेट ३१ जुलै २०१९ ला बंद झालं. ज्यांनी आपली खाती वेळेत दुकानांशी जोडली त्यांचे बहुतेक सिनेमे वाचले. मी तोवर पुण्यात परत आलो होतो. ज्या सेवेवर माझा सिनेमा होता ती भारतातून उघडायची नाही, म्हणून मी बघणंच सोडलं होतं, आणि सूचनेची मेल ज्या पत्त्यावर गेली तो मी वर्षानुवर्षं उघडला नव्हता. चूक माझीच. पण तबकडी माळ्यावर ठेवून विसरलात तरी ती माळ्यावरच असते ना!

इथपर्यंत मला ही फॉरमॅटची गोष्ट वाटत होती. मग एक कोर्टकेस वाचली आणि कळलं की ही मालकीची गोष्ट आहे.

त्यासाठी थोडं मागे, १९०८ मध्ये जाऊ. बॉब्ज-मेरिल या अमेरिकन प्रकाशकाने 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एका डॉलरपेक्षा कमी किमतीत विकाल तर कॉपीराइटचा भंग होईल. मेसीज दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं की प्रत एकदा विकलीत, आता त्या प्रतीचं पुढे काय करायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. याला 'फर्स्ट सेल'चं तत्त्व म्हणतात. आपल्या अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड पुस्तक घेताना प्रकाशकाला विचारायला कोण जातं? तेच ते.

आता २०१७. सुपरमार्केटबाहेरच्या लाल यंत्रांतून तबकड्या भाड्याने देणारी रेडबॉक्स ही कंपनी. डिस्नेशी तिचा करार नव्हता, म्हणून ती साध्या दुकानांतून डिस्नेच्या कॉम्बो डब्या विकत घ्यायची. तबकडी भाड्याने द्यायची आणि कोडचा कागद वेगळा विकायची. डिस्नेने खटला भरला. डबीवर छापलं होतं की कोड विकता किंवा हस्तांतरित करता येणार नाही. ११० वर्षांनी तीच छापील ओळ, बघा!

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीश डीन प्रेगरसन यांनी मनाईहुकूम नाकारला. डबीवर एक ओळ छापली म्हणून करार होत नाही, असं त्यांचं मत पडलं. शिवाय कोड वापरताना डिस्नेच्या साइटच्या अटींत, तबकडी माझ्याच मालकीची आहे असं कबूल करावं लागायचं. म्हणजे तबकडी कुणाला दिलीत, जो तुमचा कायदेशीर हक्क आहे, तर डिजिटल सिनेमावरचा हक्क गेला. हा कॉपीराइटचा गैरवापर वाटतो, असं ते म्हणाले. पण त्याच निकालात एक दुसरी गोष्ट होती. कोड म्हणजे प्रत नव्हे, पुढे कधीतरी प्रत करून घेण्याचा तो एक पर्याय आहे. त्यामुळे फर्स्ट सेल त्याला लागू नाही. डिस्नेने अटींचे शब्द बदलले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मनाईहुकूम मिळवला. रेडबॉक्स २०२४ मध्ये दिवाळखोरीत संपली.

हे वाचल्यावर मी माझ्या डबीकडे परत बघितलं. डीव्हीडी भाच्याला आणि कोड मला, हा रेडबॉक्सचाच उद्योग मी सहा वर्षं आधी केला होता, फक्त फुकटात :) आणि मी तीन सिनेमे घेतले नव्हतेच. दोन वस्तू घेतल्या होत्या आणि एक परवानगी. डबीवर तिघांची अक्षरं सारख्याच आकाराची होती, इतकंच.

वस्तूंनाही कुलपं होती, हे कबूल. ती डीव्हीडी अमेरिकेची, रीजन १; भारत रीजन ५. माझ्या लॅपटॉपचा ड्राइव्ह आयुष्यात पाचदाच रीजन बदलू द्यायचा, तेही मोजून. पण ताईकडचा स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर असले भेद मानत नाही, मिळेल ते गिळतो. घरातल्या कुलपावर काहीतरी तोड निघते. दुसऱ्याच्या सर्व्हरवरची रो त्याने डिलीट केली की आपण काय करणार?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू आहे. डिजिटल सिनेमा किंवा गेमवर 'बाय' लिहायचं असेल तर हे फक्त लायसन्स आहे, असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. मला २०११ मध्ये कुणी हे सांगितलं असतं तर मी डबी घेतली नसती का? घेतली असती. पण डीव्हीडी पाठवताना दोनदा विचार केला असता.

असो. येत्या रविवारी ताईकडे जेवायला बोलावलंय. डीव्हीडी परत मागितली तर म्हणाली, "दिलेली वस्तू परत मागतात का?" फर्स्ट सेल! काही बोलता येईना. तिच्याकडेच बसून बघणार आहे.